खापर कुणावर फोडायचं?

मराठीत खापर फोडायचं ते नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर. आमच्या गावाचं नावच खापर असल्यामुळे हॉस्टेलवर आल्यापासून या वाक्प्रचारावरचे जेवढे विनोद शक्य आहेत तेवढे सगळे ऐकून झाले आहेत. मेसची भाजी खारट झाली तरी खापरवर, वायफाय गेलं तरी खापरवर! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खापर हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचं गाव. आणखी थोडं पुढे गेलात की गुजरात लागतं, उत्तरेला सातपुडा आहेच. (आणि खानदेशातली खापरावरची पुरणपोळी ज्याने खाल्ली नाही त्याने तरी आमच्या गावाच्या नावाला हसू नये.)

पण मित्रहो, आजचा विषय चेष्टेचा नाही. आमच्या भागातल्या एखाद्या पाणी योजनेचं डोळ्यांसमोर चित्र आणा. नदीकाठी किंवा नाल्याकाठी विहीर, तिच्यावर पंपघर, वर टेकडीवर टाकी, आणि टाकीपासून पाड्यापाड्यांपर्यंत पाईप. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं, तेव्हापासून अशा योजनांमध्ये पातळी मोजणारे सेन्सर, फ्लो मीटर आणि हे सगळं दूरवरच्या संगणकावर दाखवणारी यंत्रणा बसवण्याची भाषा सुरू झाली. काही ठिकाणी ती बसलीही. पॅनेलच्या आत एक छोटा डबा असतो, त्याला दोन अँटेना, आत सिम कार्ड. तो म्हणजे राउटर. तो चालू असला की टाकी भरल्याचं पंपाला कळतं आणि पंप बंद पडल्याचं माणसाला कळतं.

आणि तो बंद पडला की? ऑपरेटर म्हणतो, नेट नाही. नेटवाला म्हणतो, तुमच्या लाईटचा प्रॉब्लेम आहे. वायरमन म्हणतो, लाईट आहे, डबाच उडालाय. ठेकेदार म्हणतो, कंपनीला कळवलंय. कंपनी असते तीनचारशे किलोमीटरवर, आणि तिचा माणूस एका डब्यासाठी सातपुड्यात यायला तयार नसतो. आमच्या बाजूच्या एका योजनेत मी हे स्वतः पाहिलंय. त्या वेळी शेवटी ऑपरेटरदादांनी पॅनेलमधली वायर सरळ जोडून पंप हाताने चालवायला घेतला, तो आजतागायत तसाच चालतो. म्हणजे ऑटोमेशनचा खर्च झाला, उद्घाटन झालं, फोटो झाला, आणि टाकी भरली की नाही हे बघायला माणूस पुन्हा टेकडी चढू लागला. ज्या तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं, त्याच तालुक्यात पिण्याच्या पाण्यासाठी एका डब्यावर अडून बसायचं, याला काय म्हणावं?

माझं म्हणणं असं आहे की हा डबा आपण बांधावा. आपण म्हणजे आपल्यासारख्या कॉलेजांतल्या इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरच्या पोरांनी. आणि बांधताना आपण नेहमी ज्या टोकापासून सुरुवात करतो त्याच्या उलट्या टोकापासून करावी.

मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांसाठी थोडं स्पष्टीकरण. घरचा राउटर सिनेमा आणतो, कंट्रोल नेटवर्कमधला राउटर आकडे आणतो. पंपाचा करंट, टाकीची पातळी, व्हॉल्व्ह उघडा की बंद, बस्स. पॅनेलमधली उपकरणं एकमेकांशी बहुतेक वेळा मॉडबस नावाच्या भाषेत बोलतात. ती मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली काढली, म्हणजे आपल्या बऱ्याच सरांच्या दहावीच्याही आधी! दोन वायरींच्या आरएस-४८५ लाईनवर ९६०० बॉड वेगाने एका मीटरकडून दहा आकडे मागवले तर प्रश्न आठ बाईटचा आणि उत्तर पंचवीस बाईटचं. एका बाईटला अकरा बिट धरा, गणित करा, चाळीस मिलिसेकंदांच्या आत दोन्ही उरकतं. दर दहा सेकंदांनी असं एक विचारणं सिमवरून दिवसरात्र चालू ठेवलं, वर व्हीपीएनचं ओझं धरलं, तरी महिन्याचा डेटा शंभर एमबीच्या आत राहतो. हॉस्टेलवर एक जण एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट उडवतो. (काटेकोर बोलायचं तर सिरियल लाईनचं इथरनेटमध्ये रूपांतर करणारा तो गेटवे, आणि एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पाकिटं नेणारा तो राउटर. आपल्या डब्याला दोन्ही कामं करायची आहेत, म्हणून व्हायव्हात नावावरून वाद घालू नये.)

तर सांगायचा मुद्दा, या डब्याला अक्कल फार लागत नाही. त्याला जीव चिवट लागतो. आणि आपण प्रोजेक्ट करताना सगळा वेळ आणि पैसा अक्कलेवर घालवतो. कोणता बोर्ड घ्यायचा, किती गिगाहर्ट्झ, किती जीबी रॅम, यावर रूमवर रात्र रात्र चर्चा. मग पॉवरसाठी मोबाईलचा चार्जर! त्याची ती पिन बोटाने दाबून धरायची आणि परीक्षकांना म्हणायचं, "सर, आता बघा."

बोर्डाबद्दल एवढंच सांगतो की त्याच्या प्रेमात पडू नका. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या शेवटी आला. त्यात लिनक्स वापरलेलं निघालं, म्हणून २००३ साली कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ पासून त्यावरूनच ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. तेव्हाच्या मॉडेलांत चार एमबी फ्लॅश आणि सोळा एमबी रॅम. तेवढ्यात फायरवॉलसकट सगळा राउटर मावत होता! पुढे २००५ मध्ये कंपनीने त्याच नावाच्या नव्या आवृत्तीत मेमरी निम्मी केली, लिनक्स काढलं, आणि डबा बाहेरून तसाच ठेवला. रास्पबेरी पाय २०२१-२२ च्या चिप टंचाईत मूळ किमतीला मिळेनासा झाला होता. छोट्या राउटरसाठी जगभर वापरले जाणारे स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्सचे एपीयू बोर्ड, त्यांचं उत्पादन थांबणार असं कंपनीने २०२३ साली जाहीर केलं. तेव्हा बोर्ड बदलणार हे धरूनच बाकीचा डबा बांधायचा. चोवीस व्होल्टचं टर्मिनल, पस्तीस मिलिमीटरची डिन रेल, आरएस-४८५ चे दोन स्क्रू, इथरनेटचं सॉकेट या गोष्टी बदलत नाहीत. बोर्ड मधे बसतो, उद्या निघतो, दुसरा बसतो. ज्याने पूर्ण डिझाईन एका विशिष्ट बोर्डाच्या पिनांभोवती विणलं, त्याने पुढच्या माणसासाठी कोडं ठेवलं.

आता उलट्या टोकाकडे या. विजेकडे.

आमच्याकडची वीज तुमच्या पुणे-नाशिकसारखी नसते. शेतीच्या फीडरला थ्री फेज दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास हे वेळापत्रक वर्षानुवर्षं चालत आलं. लाईट आली की ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज खाली बसतं, मग वर उसळतं. कुठे न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजवरच्या उपकरणाला चारशे व्होल्टच्या जवळपास सोसावं लागू शकतं. अशा वेळी आपण सप्लायवर जो एमओव्ही लावतो तो क्षणाचा धक्का गिळतो, तासभराचा नाही. तासभर दिला तर तोच पेटतो. म्हणून त्याच्या आधी फ्यूज हवाच, आणि शक्य असेल तर व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाईन तोडणारा रिले. नंतर चांगल्या कंपनीचा चोवीस व्होल्टचा डिन रेल सप्लाय, आणि राउटरच्या तोंडाशी ९ ते ३६ व्होल्ट काहीही आलं तरी चालेल असा डीसी-डीसी कन्व्हर्टर. प्लस-मायनस उलटं जोडलं तरी काही जळू नये यासाठी एक मॉस्फेट किंवा डायोड, आणि एक टीव्हीएस डायोड. यातली एकही गोष्ट प्रोजेक्ट रिपोर्टच्या मुखपृष्ठावर शोभत नाही, पण डबा जगतो तो यांच्यावर.

कपॅसिटरचं उदाहरण तर प्रत्येकाने स्वतः करून बघावं. सप्लायमधला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तापमानाने वाळतो. साधा नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी झालं की त्याचं आयुष्य दुप्पट. बाजारात दोन प्रकार सर्रास मिळतात, ८५ अंशांचा आणि १०५ अंशांचा, दोघांवरही २००० तास लिहिलेलं असतं असं धरा. आता तापी खोऱ्यातला मे महिना, बाहेर ४३-४४ अंश, पत्र्याचा पॅनेल उन्हात, आत सप्लायची स्वतःची ऊब. कपॅसिटरजवळ ६५ अंश सहज. ८५ चा कपॅसिटर तिथे ८००० तास जगतो, म्हणजे अकरा महिने. १०५ चा ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. दोघांच्या किमतीत फरक काही रुपयांचा. वर्षभर सतत ६५ अंश नसतात हे मान्य, पण एक उन्हाळा आणि तीन उन्हाळे हा फरक इथूनच येतो. वॉरंटी बारा महिन्यांची का असते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय! चिपांचंही तसंच आहे. कमर्शियल ग्रेड शून्य ते सत्तर अंश, इंडस्ट्रियल ग्रेड उणे चाळीस ते पंचाऐंशी. आपल्याला उणे चाळीसचं काम नाही, पण वरचे पंधरा अंश आपलेच आहेत. आणि पॅनेलवर पांढरा रंग व वरती अर्ध्या हाताचा पत्रा सावलीला, या दोन गोष्टी कुठल्याही ग्रेडपेक्षा स्वस्त पडतात. धूळ नको म्हणून डबा आयपी-६५ बंद केला की पंखा लावता येत नाही, मग उष्णता धातूच्या भिंतीतूनच बाहेर काढायची. इथे आमच्या मेकॅनिकलच्या मित्रांना बोलवा, त्यांना हीट ट्रान्स्फर हा विषय दोनदा असतो. (काहींना तीनदा.)

बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असली तर हिशेब ८४ वॅट-अवर. अर्धीच वापरायची ठरवली तरी पाच वॅटच्या राउटरला आठ तास पुरते. तेवढ्यात राउटर "लाईट गेली" हा निरोप पाठवू शकतो. लाईट गेली आणि राउटरही गेला, तर पलीकडच्या माणसाला फरकच कळत नाही की पंप बिघडला, तार तुटली की नुसतं भारनियमन आहे. खापर फोडण्याच्या खेळाची सुरुवात होते ती इथेच.

दुसरी जागा आरएस-४८५. आपल्या लॅबमध्ये मॅक्स-४८५ चं छोटं मॉड्यूल सगळ्यांनी वापरलंय. स्वस्त, छान, टेबलावर पहिल्याच दिवशी चालतं. पुस्तकात लिहिलंय की आरएस-४८५ बाराशे मीटरपर्यंत जाते. जाते ना. पण त्याच पुस्तकात पुढे लिहिलेलं असतं की दोन्ही टोकांच्या ग्राउंडमधला फरक साधारण उणे सात ते अधिक बारा व्होल्टच्या आत असावा, आणि ते पान कोणी उलटत नाही. विहिरीजवळचं अर्थिंग आणि सहाशे मीटरवर टेकडीवरच्या टाकीचं अर्थिंग यांच्यात, वीज कडाडत असताना, बारा व्होल्टचा फरक म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे खाली काळा खडक. तिथे अर्थिंगचा रेझिस्टन्स मुळातच जास्त, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी कोण ओतणार? मग पहिल्याच वळवाच्या पावसात चिप उडते, आणि बऱ्याचदा जाताना प्रोसेसरलाही घेऊन जाते. उपाय आहे आयसोलेटेड ट्रान्सीव्हर, म्हणजे वायरीची बाजू आणि बोर्डाची बाजू यांच्यात विजेचा थेट संबंधच नाही. त्या बाजूला सप्लायही वेगळा आयसोलेटेड हवा, नाहीतर पुढचं दार बंद करून मागचं उघडं ठेवल्यासारखं. बाहेरच्या टोकाला गॅस डिस्चार्ज ट्यूब, मग छोटा रेझिस्टर, मग टीव्हीएस. लाईनच्या दोन्ही शेवटांना १२० ओहम. हे सगळं मिळून खर्च काही शे रुपयांनी वाढतो.

याहूनही चांगला उपाय म्हणजे टाकीपर्यंत तांब्याची वायर नेऊच नये. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मध्यभागी तर काही कित्येक किलोमीटर लांब पसरलेल्या, आणि त्या ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या. फायबरमधून वीज चालत येत नाही, ना पडलेली ना चोरलेली. आपल्या सहाशे मीटरसाठीही फायबर परवडण्यासारखं झालंय, फक्त जोडणाऱ्याला स्प्लायसिंग यायला हवं. नाहीतर आहेच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लोरा. हा पट्टा आपल्याकडे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो, आणि टाकीची पातळी पाठवायला त्याचा कासवाचा वेग पुरेसा आहे.

आता ज्या चुका टेबलावर कधीच दिसत नाहीत त्या. पहिली घड्याळाची. रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीआधीच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. लाईट गेली-आली की तो मागच्या कुठल्यातरी तारखेला जागा होतो. नेटवरून वेळ मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर व्हीपीएनचं प्रमाणपत्र त्याला "अजून सुरूच झालेलं नाही" असं दिसतं आणि तो दार लावून बसतो. वायरगार्डमध्येही घड्याळ मागे गेलं तर पलीकडची बाजू जुना निरोप समजून नाकारते. सगळं हार्डवेअर ठणठणीत, सिग्नल फुल, आणि तरी संपर्क नाही! एक आरटीसी चिप आणि एक नाणं-बॅटरी, एवढ्याने हा प्रश्न मिटतो. दुसरी चूक एसडी कार्डाची. त्यावर सतत लॉग लिहीत राहायचं आणि मधेच लाईट जाऊ द्यायची म्हणजे कार्ड आज ना उद्या मरणारच. मूळ सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवावी, ओपनडब्ल्यूआरटी मुळात याच विचाराने बनलंय, आणि लॉग रॅममध्ये. तिसरी वॉचडॉगची. प्रोसेसर अडकला तर हार्डवेअर वॉचडॉग त्याला रीसेट करतो हे आपण परीक्षेत लिहितो, पण अडकतं ते बहुतेक वेळा फोरजी मोडेम, आणि त्याचा सप्लाय वेगळा असतो. प्रोसेसर दहा वेळा उठला तरी मोडेम तसाच झोपलेला. मोडेमचा सप्लाय तोडून पुन्हा जोडणारा एक मॉस्फेट ठेवा, आणि दहा मिनिटं पलीकडून उत्तर आलं नाही तर तो उडवा. हेच काम माणसाला सांगायचं तर त्याला मोटारसायकल काढावी लागते.

मोडेमवरून आठवलं. आपल्या प्रोजेक्टांमध्ये अजून सिम-८०० दिसतो. तो टूजीचा आहे. जिओकडे टूजी कधी नव्हतंच, बाकीच्यांचं किती वर्षं टिकेल यावर डबा बांधू नये. फोरजीचा कॅट-१ मोडेम घ्या, दहा एमबीपीएसचा, आपल्याला तोही जास्तच आहे. सिम दोन हवेत, दोन वेगळ्या कंपन्यांचे. सीमेवर आणखी एक गंमत असते, फोन मनाला येईल तेव्हा गुजरातच्या टॉवरला जाऊन चिकटतो. त्यामुळे अँटेना डब्याच्या आत कोंबू नये. ती बाहेर, उंचावर, योग्य दिशेला असावी, आणि तिच्या केबललाही सर्ज अरेस्टर असावा.

"पण यात सिक्युरिटी कुठे आहे?" असं कॉम्प्युटरवाले विचारतील. बरोबर विचारतील. मॉडबसला पासवर्डच नाही. जो बोलेल त्याचं ऐकणारी ती भाषा. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात शिरून सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज घालवली. ब्रेकर उघडून ते थांबले नाहीत, तर सबस्टेशनमधल्या सिरियल-ते-इथरनेट डब्यांमध्ये त्यांनी खराब फर्मवेअर भरलं. म्हणजे नेमका आपण ज्याबद्दल बोलतोय तो डबा! तो गेल्यावर दुरून काही करता येईना, माणसांना गाड्या काढून सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर लावावे लागले. २०१८ साली व्हीपीएनफिल्टर नावाचा किडा सापडला, जगभरात पाच लाखांवर राउटर त्याच्या ताब्यात होते, आणि त्याचा एक भाग आतून जाणाऱ्या मॉडबसवर कान ठेवून बसायचा. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्यामागे सायबर हल्ला होता का यावर राज्य आणि केंद्र यांची वेगवेगळी विधानं झाली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. तो वाद बाजूला ठेवू. पण ५०२ नंबरचं पोर्ट उघडं ठेवून सिमला पब्लिक आयपी घेणं म्हणजे पंपघराची किल्ली नाक्यावर टांगणं आहे. राउटरने स्वतः बाहेर फोन लावावा, बाहेरच्याला आत फोन लावता येऊ नये. फर्मवेअर सहीशिवाय बदलू नये, आणि बदललेलं फर्मवेअर बिघडलं तर जुनं आपोआप परत यावं, त्यासाठी दोन प्रतींची जागा फ्लॅशमध्ये ठेवावी. हेही शेवटी हार्डवेअर निवडतानाच ठरतं.

आता विरोधी बाजू. आमच्याच विभागातले एक सर म्हणतात, इंडस्ट्रियल राउटर विकत मिळतो, प्रमाणपत्रासकट, तो घ्या, चाक पुन्हा कशाला शोधता? सरांचा अनुभव मोठा आहे, आणि काही ठिकाणी मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. सबस्टेशनचं प्रोटेक्शन, धरणाचे दरवाजे, जिथे मिलिसेकंदांवर माणसांचे जीव आहेत, तिथे पोरांच्या डब्याने नाक खुपसू नये. विकायचं म्हटलं तर टीईसीचं एमटीसीटीई प्रमाणपत्र लागतं, रेडिओचे नियम आहेत. ते टाळून धंदा करा असं मी म्हणत नाही. पण आमच्या त्या योजनेत विकतचाच डबा होता. तो वाईट नव्हता, तो बंद पडल्यावर उघडणारं कोणी नव्हतं. डबा सील केलेला, सर्किट कोणाकडे नाही, पासवर्ड ठेकेदाराच्या डायरीत. आपण बांधलेल्या डब्याची खरी किंमत एवढीच की अक्कलकुव्याचा आयटीआय झालेला मुलगा तो स्क्रू ड्रायव्हरने उघडू शकेल, आत मराठीत लिहिलेला कागद वाचेल, उडालेलं पन्नास रुपयांचं कार्ड बदलेल आणि त्याच संध्याकाळी पाणी चालू होईल. म्हणून मी म्हणतो की सर्ज खाणारे भाग मुख्य बोर्डावर सोल्डर करू नका. ते वेगळ्या छोट्या कार्डावर ठेवा, सॉकेटमध्ये. ते मरण्यासाठीच आहेत, त्यांना सुखाने मरू द्या.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून शेतातला पंप चालू-बंद करणारं नॅनो गणेश तयार केलं, २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. त्यात चमत्कारिक तंत्रज्ञान काही नव्हतं. रात्री-अपरात्री लाईट आली की शेतकऱ्याला अंधारातून पंपापर्यंत जावं लागतं, एवढं त्यांनी नीट पाहिलं होतं. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेज बांधून पाणी अडलं, पण काठावरच्या सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या. त्यामागे थकलेली बिलं आणि इतरही कारणं होती, सगळं राउटरने सुटणार नाही हे मलाही कळतं. तरी कुठली मोटार चालू होऊ शकते आणि कुठली नाही, हे रोज घरबसल्या दिसणं ही सुद्धा थोडी गोष्ट नाही.

एक अट मात्र लक्षात ठेवा. राउटर पूर्ण मेला तरी टाकी ओसंडता कामा नये आणि कोरडी मोटार जळता कामा नये. फ्लोट स्विच, ड्राय रन प्रोटेक्शन, हाताने चालवायचा सिलेक्टर हे तारांनी थेट स्टार्टरला जोडलेलं असावं. राउटर त्यांच्या वर बसून बघेल, सांगेल, विनंती करेल. मालक तेच. ज्या दिवशी ऑपरेटरदादांना आपला डबा बाजूला सारून वायर सरळ जोडावीशी वाटेल, त्या दिवशी आपलं डिझाईन नापास.

विभागाकडे मागणी अगदी छोटी आहे. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टांच्या यादीत हा विषय तीन वर्षं सलग ठेवावा, म्हणजे पहिली बॅच बांधेल, दुसरी त्यातलं मेलेलं दुरुस्त करेल, तिसरी कागद नीट लिहील. दरवर्षी नव्याने शून्यातून सुरू करून एप्रिलमध्ये कचऱ्यात टाकण्यापेक्षा ते बरं. लॅबला एक व्हेरिॲक आहेच. एक जुना ओव्हन हॉस्टेलच्या मेसकडून मागून घेता येईल, ते त्यात काही भाजत नाहीतच. आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी एक्स्टर्नल सरांनी स्लाईड बघू नयेत. डबा ६५ अंशांना दोन तास ठेवावा, व्हेरिॲकने व्होल्टेज १४० वर आणून पुन्हा २७० वर न्यावं, मग प्लग काढावा आणि लावावा, वीस वेळा, मधे कधी पाच सेकंद तर कधी अर्धा तास थांबून. विसाव्या वेळी टाकीची पातळी पडद्यावर परत आली तर मार्क द्यावेत.